सोलापूर ते गुहागर : तिथी पाहून आखलेली पाच दिवसांची काटकसरी किनारी सफर

दिवेआगर ते गुहागर हा कोकणचा किनारा सोलापूरहून स्वतःच्या गाडीने करायचा तर पाच दिवस आणि चार मुक्काम लागतात. इकडेतिकडे फिरणं धरून सुमारे अकराशे किलोमीटर होतात. चौघांना मिळून तीस हजारांच्या आसपास खर्च येतो, म्हणजे माणशी साडेसात हजार. यातला बराचसा खर्च तारीख ठरवतानाच कमी किंवा जास्त होऊन जातो, म्हणून आधी तारखेचं बोलू.

सोमवारी पहाटे निघून शुक्रवारी संध्याकाळी परत यायचं. चौघांची जी खोली मंगळवारी दोन-सव्वादोन हजारात मिळते, तिचेच शनिवारी साडेतीन-चार हजार सांगतात आणि घासाघीस चालत नाही. दिवाळीची सुट्टी, नाताळ ते नवं वर्ष आणि अख्खा मे महिना टाळायचा. नोव्हेंबरचा उत्तरार्ध ते फेब्रुवारी हा सगळ्यात चांगला काळ. पावसाळ्यात हा बेत नकोच. घाटात दरडी येतात, वाऱ्यापावसात फेरीबोट थांबते आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असल्याने ताजी समुद्री मासळी जवळपास मिळत नाही.

वारानंतर तिथी. किनाऱ्यावर कुठे किती वाजता पोचायचं हे भरती-ओहोटी ठरवते, आणि तिचा हिशेब पंचांगात आहे. दाते पंचांग निघतंच सोलापुरातून, त्यामुळे ते घरात नसेल असं सहसा होत नाही. कोकणातला जुना ठोकताळा असा : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती. त्याच्या सव्वासहा तास आधी, म्हणजे पावणेनऊच्या सुमाराला, पूर्ण ओहोटी. दुसऱ्या दिवशी सगळं पाऊण तासाने पुढे सरकतं. अर्धा तास इकडेतिकडे होतो आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी असली तर जास्तच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि तितकंच खाली जातं. अष्टमीच्या सुमाराला भांग असतो. तेव्हा पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही.

या सफरीला दुसरा दिवस चतुर्थीला आला की सगळं जमतं. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेला (तिची वाट भरतीत पाण्याखाली जाते) सकाळी नऊच्या आत ओहोटी मिळते आणि चौथ्या दिवशी षष्ठीला हेदवीला दुपारी साडेचारला भरती. शुद्ध पक्षातली चतुर्थी बघा. वद्य चतुर्थी म्हणजे संकष्टी, आणि या वाटेवर दिवेआगर, आंजर्ले, हेदवी अशी तीन गणपतींची ठिकाणं असल्याने त्या दिवशी रांगेतच वेळ जातो. वार आणि तिथी दोन्ही जुळत नसतील तर वार धरा, तिथी सोडा. प्रदक्षिणा सकाळऐवजी दुपारी घालता येईल, शनिवारचं भाडं काही उतरणार नाही.

पैशांची मांडणी अशी : पेट्रोल गाडी घाट धरून लिटरला पंधरा किलोमीटर देते असं समजा. त्र्याहत्तर लिटर, १०५ रुपयांच्या भावाने ७,७०० रुपये. टोल, फेरी आणि पार्किंगला दोन हजार. चार मुक्कामांचे ८,८००. जेवणाखाण्याला माणशी रोजचे ५०० धरून दहा हजार. वर दोन हजार हाताशी. सीएनजी गाडी असेल तर किनाऱ्यालगतच्या गावांत सीएनजीच्या भरवशावर राहू नका, तेवढा पट्टा पेट्रोलवर धरा.

जेवणाचा आकडा पाचशेत बसायचा तर सकाळची न्याहारी घरची हवी. कडक भाकरी, शेंगाचटणी, लोणचं, थोडी चटणीपूड एवढं घेतलं की झालं. चटणी पाच दिवस छान टिकते. भाकरी मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पिशवीत ठेवली तर खाऱ्या दमट हवेने दुसऱ्याच दिवशी ती वातड होते आणि मग ना कडक ना मऊ. रोख सहा-सात हजार जवळ ठेवा, कारण केळशी-आंजर्ल्याकडे मोबाइलला रेंज नसली की यूपीआय चालत नाही, आणि एटीएम शोधत बसावं लागतं.

गाडीची तपासणी निघायच्या आठवडाभर आधी करून घ्या : ब्रेक पॅड, कूलंट, वायपर, स्टेपनीतली हवा. टायरची हवा सकाळी थंड असताना बघायची. सोलापूरच्या दुपारी तापलेल्या टायरमध्ये दाब वाढलेला दिसतो आणि मग आपण नको तेवढी हवा सोडून देतो.

पहिला दिवस : सोलापूर – पुणे – ताम्हिणी – दिवेआगर (सुमारे ४१५ किमी)

हा सगळ्यात लांब आणि सगळ्यात कंटाळवाणा दिवस. निघायचं पहाटे चारला. कारण एकच : हडपसर. साडेआठच्या आत ते मागे पडलं नाही तर पुढचे दीड-दोन तास क्लच दाबण्यात जातात. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण, चौफुला हा रस्ता पहाटे मोकळा असतो, पण उसाचा हंगाम याच दिवसांत असतो. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॅक्टर-ट्रॉली अंधारात अगदी जवळ आल्यावरच दिसते. उजेड होईपर्यंत ऐंशीच्या वर जाऊ नका. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी आणि पाटस असे चार टोलनाके आहेत. फास्टॅगमध्ये हजार रुपये टाकून ठेवले की जाता-येता पुरतात.

शहरात शिरण्यापेक्षा मंतरवाडी–उंड्री–कात्रज असं बाहेरून जाऊन बायपासने चांदणी चौक गाठा. हाही रस्ता अवजड वाहनांनी भरतो, तरी स्वारगेट आणि कर्वे रस्त्यापेक्षा बरा. पिरंगुट, पौड, मुळशी धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला, आणि मग ताम्हिणी.

ताम्हिणीत वाहनं कोसळतात ती बहुतेक उतारावर. मुळशीकडून सपाट-सपाट चालत आलेला माणूस त्याच वेगात उताराला लागतो आणि वळणावळणाला ब्रेक दाबत राहतो. दहा-पंधरा मिनिटांत पॅड तापतात, पेडल खाली जायला लागतं, जळका वास येतो. उतार सुरू व्हायच्या आधीच दुसऱ्या गिअरला या आणि इंजिनलाच गाडी धरू द्या; ब्रेक फक्त वळणाच्या तोंडाशी. ज्या गिअरमध्ये चढ चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं हा जुना नियम अजून खोटा ठरलेला नाही. वास आलाच तर रुंद जागा पाहून अर्धा तास थांबा, चाकावर पाणी ओतू नका. तापलेली डिस्क वाकडी होते.

विळे, निजामपूर, मग माणगाव. इथे टाकी पूर्ण भरा. पुढे मोर्बा–म्हसळा मार्गे दिवेआगर पन्नासेक किलोमीटर, पण दीड तास. घरगुती मुक्कामाच्या जागी रात्रीचं जेवण आदल्या दिवशी किंवा फार तर सकाळी दहाच्या आत फोनवर सांगून ठेवावं लागतं. संध्याकाळी पोचून “जेवायला काय आहे?” विचारलं तर अंड्याची पोळी मिळते. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही तेव्हाच सांगा, नगावर.

दिवेआगरचा सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ साली बागेत खणताना सापडला, २०१२ मध्ये दरोड्यात गेला आणि २०२१ मध्ये नव्याने बसवला. देवळात गर्दी असते. शेजारचं रूपनारायणाचं मंदिर मात्र बहुतेकांच्या यादीत नसतं. तिथली विष्णूची काळ्या दगडातली मूर्ती पाहिल्याशिवाय निघू नका.

दुसरा दिवस : दिवेआगर – हरिहरेश्वर – बाणकोट खाडी – केळशी – आंजर्ले (सुमारे ११० किमी)

अंतर थोडं, काम भरपूर. पावणेसातला निघायचं. दिवेआगरहून श्रीवर्धनला आतून म्हसळ्यावरून जाता येतं, पण शेखाडी–कोंडिवली–आरवी असा किनाऱ्याचा रस्ताच धरा. वीसेक किलोमीटरभर समुद्र उजव्या हाताला अगदी चाकाखाली आल्यासारखा राहतो, आणि सकाळी ऊन मागून येत असल्याने पाण्याचा रंग खरा दिसतो. काही ठिकाणी रस्ता एकाच गाडीचा आहे. समोरून एसटी आली तर मागे घ्यायची तयारी ठेवा. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचं गाव. पण थांबायला आत्ता वेळ नाही. सुपारी तेवढी घ्या, श्रीवर्धनी रोठा नावाजलेली आहे.

हरिहरेश्वरला सव्वाआठपर्यंत पोचा. प्रदक्षिणेची वाट देवळामागून टेकडी चढते, दोन कड्यांच्या चिरेतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि मग खडकांच्या सपाटीवरून समुद्राच्या कडेने देवळाकडे वळते. हा शेवटचा खडकाळ भाग भरतीला पाण्याखाली जातो. पावणेनऊची ओहोटी असेल तर आठ ते दहा ही सुरक्षित वेळ. वाट पाऊण तासाची आहे, फोटो धरून एक. लाटांनी झिजून खडकात मधमाशांच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ती पाहण्यासारखी आहे, पण तिच्यापलीकडे, जिथे खडक काळा आणि ओला दिसतो, तिथे पाय टाकू नका. ओला काळा भाग म्हणजे लाट तिथपर्यंत येऊन गेली आहे. इथे माणसं वाहून गेली आहेत ती बहुतेक वेळा समुद्राकडे पाठ करून उभी असताना. गुळगुळीत तळव्याच्या चपलाही नकोत.

दहाला निघून पाच मिनिटांत बागमांडला. समोर वेसवी, मध्ये सावित्रीची बाणकोट खाडी, आणि पलीकडे नेणारी जंगलजेट्टी, म्हणजे गाड्या नेणारी फेरीबोट. नकाशाचं ॲप इथे रस्ता सलग दाखवतं आणि वेळ मिनिटांत सांगतं, त्यात बोटीची वाट पाहणं धरलेलं नसतं. फेरी सकाळी सातच्या आसपास सुरू होते आणि रात्री बंद होते. वेळा हंगामाप्रमाणे बदलतात, आदल्या दिवशी मुक्कामाच्या मालकाला विचारा, त्यांना माहीत असतं. बोट चुकली किंवा बंद असली तर म्हसळा–आंबेत–म्हाप्रळ–मंडणगड असा अडीच-तीन तासांचा वळसा पडतो. आंबेतचा पूल मध्यंतरी बराच काळ दुरुस्तीसाठी बंद होता, तेव्हा त्याचीही आधी चौकशी करावी.

बोटीवर गाडी चढवण्यात नवख्याची तारांबळ उडते. ओहोटी असली की बोट खाली असते आणि फळीचा उतार तीव्र होतो. कमी उंचीच्या गाडीचा बंपर नेमका तिथे घासतो, जिथे धक्क्याचं काँक्रीट संपून लोखंडी फळी सुरू होते. चौघे बसलेले असतील तर तिघांनी उतरून चालत जावं, गाडी दोन-तीन इंच वर येते. फळीला सरळ नाही, किंचित तिरकी चाकं लावून पहिल्या गिअरमध्ये सावकाश चढा. खलाशी उलटी चढवायला सांगतात तेव्हा आरशात पाहत बसू नका, त्याच्या हाताकडे पाहा. तो दिवसाला कितीतरी गाड्या लावतो. आत गेल्यावर हँडब्रेक ओढायचा, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद. फेरीचे गाडीमागे दोनशे-तीनशे आणि माणसांचे थोडे वेगळे धरा. पलीकडे जायला दहा-पंधरा मिनिटं पुरतात.

वेसवीहून बाणकोटचा किल्ला वाटेवरच आहे. पुढे वेळास, नाना फडणवीसांचं गाव, आणि ऑलिव्ह रिडले कासवांचं. अंडी घातल्यापासून पिलं बाहेर यायला पन्नासेक दिवस लागतात, त्यामुळे पिलं समुद्रात सोडताना पाहायची तर फेब्रुवारीचा शेवट ते एप्रिल यायला हवं. सोडतात सकाळी सूर्योदयाला आणि संध्याकाळी, आणि रोज पिलं निघतीलच असं नाही. कासवं हाच हेतू असेल तर आंजर्ल्याऐवजी आजचा मुक्काम वेळासला करा. डिसेंबर-जानेवारीत गेलात तर वेळास सोडून दिलं तरी चालेल.

वेळासहून केळशी सरळ रेषेत जवळ, पण मध्ये भारजा नदीची खाडी आहे. मांदिवलीकडून आत वळून यावं लागतं. केळशीत महालक्ष्मीचं देऊळ आणि जुन्या दगडी पाखाड्या. दीड-दोनला जेवण. तिथून आडे, पाडले करत आंजर्ले चारच्या सुमारास. भरती तीनला होऊन गेलेली असते, म्हणजे पाणी ओढीचं असतं. पोहायला उतरू नका, घोट्यापर्यंत पुरे.

तिसरा दिवस : आंजर्ले – हर्णै – मुरुड – दापोली – आंजर्ले (सुमारे ६० किमी)

मुक्काम तोच. सामान भरणं-उतरवणं नाही, आणि सलग दोन रात्रींचं भाडं सांगताना मालक थोडं कमी करतात. सकाळी कड्यावरचा गणपती. गाडी वरपर्यंत जाते, पण जुन्या पायऱ्यांनी चढलात तर सुवर्णदुर्ग आणि जोग नदीची खाडी एकत्र दिसते.

सुवर्णदुर्गाला हर्णैहून होड्या जातात, पण ठरलेलं वेळापत्रक नाही. सात-आठ माणसं जमली तर माणशी परवडतं, चौघांनी अख्खी होडी ठरवली तर बजेट कोलमडतं. इतर कुटुंबं येईपर्यंत धक्क्यावर थांबा. किल्ल्याला धक्का नाही, गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं. कान्होजी आंग्र्यांच्या घराण्याचा हा बळकट किल्ला १७५५ मध्ये इंग्रजांच्या कमोडोर जेम्सने घेतला. होडी जमली नाही तर कनकदुर्गावरच्या दीपगृहापासून तो फुकटात छान दिसतो.

दापोलीत पेट्रोल, औषधं, एटीएम सगळं आहे. कृषी विद्यापीठही इथलंच. दुपार तिथे उरकून चारच्या आत हर्णै बंदरावर परत या. किनाऱ्यापासून लांब उभ्या होड्यांवरून मासळी बैलगाड्यांतून पाण्यातून ओढत आणतात, बैल पोटापर्यंत बुडालेले. लिलाव ढिगाऱ्यावर, टोपल्यांवर होतो, तो व्यापाऱ्यांचा. आपण बाजूला बसलेल्या कोळणींकडून घ्यायचं. कल्ला लाल, डोळा फुगीर आणि बोटाने दाबलं की मांस लगेच वर येणारं. अर्धा-एक किलो घेऊन मुक्कामाच्या घरी करून द्यायला सांगितलं, तर करणावळ देऊनही हॉटेलातल्या सुरमई थाळीपेक्षा चौघांचं स्वस्तात होतं. ते मासे करून देणारं घर आहे ना हे खोली ठरवतानाच विचारा. देवळाजवळची काही घरं शाकाहारीच असतात.

मुरुड-कर्द्याच्या पुळणीवर गाडी घालण्याचा मोह होतो. घालू नका. ओहोटीची ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट दिसते, पण वरचा थर फुटला की खाली भुसभुशीत असते. पुढची चाकं फिरतात, खड्डा करतात आणि गाडी पोटावर बसते. अडकलीच तर ॲक्सिलरेटर सोडा, चाकापुढची वाळू हाताने काढा, टायरची हवा १८ पर्यंत उतरवा, पडलेल्या झावळ्या चाकाखाली घाला आणि दुसऱ्या गिअरमध्ये हळूच काढा. भरती लागलेली असेल तर प्रयोग न करता लगेच ट्रॅक्टर बोलवा, तो मागेल ते द्या.

चौथा दिवस : आंजर्ले – दाभोळ – गुहागर – हेदवी – गुहागर (सुमारे १३० किमी)

दापोलीहून दाभोळ अठ्ठावीसेक किलोमीटर. वेळ असेल तर लाडघर–बुरोंडी–कोळथरे असं किनाऱ्याने. दाभोळची विजापुरी धाटणीची मशीद बंदरालगत आहे, विजापूर पाहिलेल्या सोलापूरकराला घुमट ओळखीचा वाटतो. वाशिष्ठीवरची दाभोळ–धोपावे फेरी दहा मिनिटांची. ती नसती तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला सव्वाशे किलोमीटरच्या वर पडले असते.

अकरा-साडेअकरापर्यंत गुहागर. खोलीत सामान टाका, व्याडेश्वराचं दर्शन, जेवण, थोडी झोप. तीनला हेदवीकडे निघा, पंचवीस किलोमीटरला पाऊण-एक तास. आधी दशभुज गणेश, मग साडेचारच्या भरतीला किनाऱ्यावरच्या उमामहेश्वर मंदिरामागची बामणघळ. कातळातली अरुंद उभी भेग आहे. लाट आत शिरली की कोंडलेली हवा पाण्याला वर फेकते आणि जमीन पायाखाली दणाणते. षष्ठीला भरती बेताची असते, फवारा कमी उंच उडेल, उधाणाला जास्त. घळीच्या कडेपासून दहा-बारा पावलं मागे थांबा. चार-पाच लहान लाटांनंतर एक मोठी येते आणि ती कुणाला विचारून येत नाही.

पाचवा दिवस : गुहागर – चिपळूण – कुंभार्ली घाट – कऱ्हाड – सोलापूर (सुमारे ३४० किमी)

सहाला निघा. चिपळूणला टाकी भरून पोफळीच्या पुढे कुंभार्ली घाट चढायचा. हिवाळ्यात सकाळी धुकं असतं, तेव्हा हाय बीम लावला तर समोर पांढरी भिंत दिसते. लो बीमच ठेवा. चढावर ट्रकमागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगावं लागतं. तापमानाचा काटा वर जायला लागला तर आधी एसी बंद, मग थांबा. बॉनेट उघडा, पण रेडिएटरचं झाकण तापलेलं असताना मुळीच नाही.

कोयनानगर, पाटण, कऱ्हाड. तिथून पंढरपूरमार्गेही येता येतं, पण विटा–खानापूर–भिवघाट–नागज फाटा गाठून सांगोला–मंगळवेढा असा चौपदरी रस्ता जास्त सोयीचा. संध्याकाळी पाच-सहाला सोलापूर.

शनिवारी सकाळी पहिलं काम गाडी धुण्याचं. फेरीच्या धक्क्यावरचं खारं पाणी आणि वाळू चाकांच्या कमानीत, सायलेन्सरवर आणि ब्रेकच्या मागच्या पत्र्यात बसलेली असते. वरून चकाचक करून उपयोग नाही, लिफ्टवर घेऊन खालून गोड्या पाण्याचा फवारा मारायला सांगा आणि पायमॅट काढून उन्हात टाका. लगेच दहा-पंधरा मिनिटं गाडी चालवून दोन-चारदा ब्रेक दाबा, म्हणजे डिस्क कोरडी होते. ती ओली ठेवून गाडी रविवारभर उभी केली तर सोमवारी पहिल्याच ब्रेकला करकर ऐकू येते.